चांदबाबांनी उसवलेली गादी

वेचणी सुरू झाली की अकोल्यातल्या आमच्या घरासमोरच्या बाभळींना पांढऱ्या दाढ्या फुटतात. कापसाच्या गाड्या झाडांना खेटून जातात आणि काट्यांवर पुंजके लटकून राहतात. दुपारचं ऊन अजून चटके देतं, पण सकाळी घागरीला हात लावला की बोटं आखडतात. याच दिवसांत बायका पेट्यांतून दुलया काढून उन्हात टाकतात. परवा माझ्या सुनेनं दारावरून जाणाऱ्या पिंजाऱ्याला हाक मारली आणि घरातली जुनी गादी त्याच्यापुढे टाकली. मी काठी टेकत ओट्यावर गेले आणि त्याच्या समोरच बसले.

"अम्मा, उन्हात काऊन बसता? तो काय कापूस घेऊन पयते?" सून म्हणाली.

"बसू दे मले."

तो बिचारा मान खाली घालून पिंजत होता. मी त्याच्या हातांकडे पाहत होते, मांडीजवळच्या झोळीकडे पाहत होते, कापसाचा ढीग कमी तर होत नाही ना याचा अंदाज घेत होते. मी स्वतः पिंजाऱ्याची लेक, पिंजाऱ्याची सून. सासरे गेल्यापासून आमच्या घरात पिंजण कोणी धरलं नाही, मुलगा सरकी काढायच्या कारखान्यात कामाला लागला, ही गोष्ट वेगळी. पण दुसऱ्या पिंजाऱ्यावर असा डोळा ठेवून बसायचं म्हणजे मलाच लाज वाटत होती. तरी नजर हटेना. ही खोड मला एका हंगामानं लावली.

त्या वर्षी माझं लग्न झालं होतं. माहेर बाळापूरचं, सासर अमरावतीचं. सात समुद्रांपलीकडे कुठे तरी गोरे गोऱ्यांशी लढत होते म्हणे, आणि त्यामुळे विलायतेतल्या गिरण्यांना आमच्या वऱ्हाडचा कापूस हवा झाला होता. युद्ध कोणाचं, कशासाठी, आम्हाला कोणालाच कळत नव्हतं. कळत होतं एवढंच, की काल ज्या कापसात पोरं लोळत होती तो आज कुलपात गेला होता. कास्तकारांच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. आणि प्रत्येकाच्या डोळ्यात संशय आला.

वेचणीला गेलेल्या बायांना बांधावर उभं करून ओट्या झाडायला लावत. बाजारात व्यापारी बोरीत कोपरापर्यंत हात घालत, तळाशी दगड आहे का, पाणी मारलंय का ते चाचपत. कास्तकार त्या व्यापाऱ्याच्या काट्याकडे तसाच पाहत असे. बाभळीवर अडकलेले पुंजके आधी म्हाताऱ्या बाया वाती वळायला वेचून न्यायच्या. त्या वर्षी एका शेतमालकानं रस्त्यावरच्या बाभळींनाही राखणदार बसवला. आमच्या गल्लीत एक म्हातारा वारला तेव्हा मयताच्या नाकात घालायला चिमूटभर कापूस मागायला माणूस चार घरं फिरला, आणि प्रत्येक घरानं आधी विचारलं, "किती पायजे?"

माणसं घरातल्या गाद्या उसवून कापूस विकू लागली होती. उघडपणे नाही. दार लावून.

अशा दिवसांत पिंजाऱ्याच्या घरात सून म्हणून जाणं म्हणजे काय, हे माझ्या बापाला ठाऊक होतं. निघताना तो माझ्या कानाशी लागून म्हणाला होता, "डोये उघडे ठेव. आपल्या धंद्यात कोनाचे हात साफ नसतात." बाप स्वतःबद्दलच बोलत होता. दर गादीमागे मूठभर कापूस मांडीखाली सरकवायची त्याची सवय मी लहानपणापासून पाहिली होती. त्याला तो चोरी म्हणत नसे, हक्क म्हणत असे. त्यामुळे सासऱ्याच्या घरात पाऊल टाकलं तेच मी त्याची मांडी पाहत.

माझे सासरे चांदभाई पिंजारी. गाव त्यांना चांदबाबा म्हणायचं, आम्ही अब्बा. उंच, किडकिडीत, खांदे पुढे झुकलेले. पिंजणाच्या तातीवर लाकडी ठोकळा आपटून आपटून उजवा दंड डाव्याच्या दीडपट झालेला. भुवयांवर सदा कापसाची म्हव, बारीक तंतूंची धूळ, बसलेली असायची. घरात शिरण्याआधी ते रांजणाजवळ उभे राहून भुवया धुवायचे आणि मगच आत यायचे. आमच्या घरात दुवा तेवढी अरबीत, बाकी सगळी बोली वऱ्हाडी. माझी सासू लग्नाच्या आदल्या वर्षी वारली होती. घरात बाईमाणूस हवं म्हणून तर माझं लग्न घाईनं झालं. म्हणजे घरात आम्ही तिघंच, अब्बा, माझा नवरा कासम आणि मी.

पहिल्याच आठवड्यात कासमनं मला एक गोष्ट बजावली होती. आतल्या खोलीत लाकडी पेटीवर हिरव्या कापडात गुंडाळलेली एक गादी होती. "ते अम्माची गादी हाय. तिले हात नको लावू. अब्बा कोनालेच लावू देत नाही." मी लावला नाही. पण पिंजाऱ्याच्या घरात कोणी न झोपता पडून असलेली गादी, आणि बाहेर कापसाला सोन्याची किंमत. मी रोज त्या हिरव्या कापडाकडे पाहायची.

अब्बांचा नेम असा, की गिऱ्हाइकाची गादी गिऱ्हाइकाच्याच ओट्यावर पिंजायची. पण त्या हिवाळ्यात देशमुखांच्या घरी लग्न निघालं. अंगणात मांडव पडलेला, ओट्यावर पाहुण्यांची गर्दी. म्हणून त्यांनी सात गाद्या आमच्या घरी पाठवल्या. कासमनं गाडी नेऊन त्या आणल्या. देशमुखांच्या शेतात बनी कापूस व्हायचा, बारीक, लांब धाग्याचा, हातात घेतला तर बोटांतून पाण्यासारखा निसटणारा. त्यांच्या गाद्याही बनीनंच भरलेल्या. आमच्यासारख्यांच्या घरात असायचा तो ‘जरी’ जातीचा कापूस, जाडाभरडा, जुना झाला की पिवळा पडणारा.

दोन दिवस अब्बा परसात बसून पिंजत होते. तुंय, तुंय, तुंय. तो आवाज घरभर भरून राहायचा आणि मी भाकरी थापताना नकळत त्याच्या ठेक्यावर थापायची. आवाज थांबला की माझे कान उभे राहायचे. थांबला का? हात कुठे गेला? तिसऱ्या दिवशी सकाळी आवाज थांबला तो बराच वेळ सुरू झाला नाही. मी डोकावले. अब्बा एका उसवलेल्या गादीसमोर बसले होते. कापसात हात घातलेला, आणि तसाच आत ठेवलेला. मला पाहून त्यांनी गादीवर चादर ओढली.

"काही पायजे, बेटी?"

"नाही अब्बा."

"मंग जा."

त्या आवाजात ते माझ्याशी आधी कधी बोलले नव्हते.

दुपारी कासम बाहेर गेला होता आणि मी विहिरीवर. घागर भरून लवकर परतले तर आतल्या खोलीचं दार लावलेलं. दाराच्या फळीत बोटभर फट होती. मी घागर कडेवर घेऊनच डोळा लावला. हिरवं कापड जमिनीवर पडलं होतं. अब्बा माझ्या मेलेल्या सासूची गादी उसवत होते. टाके एकेक करून तोडत होते, सुरीनं नाही, बोटांनी. मग त्यांनी आतला पिवळट कापूस ओंजळीओंजळीनं काढला आणि एका धोतरात बांधला. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता. पाठ दिसत होती, आणि पाठीवरून माणूस चोर आहे की काय हे ठरवायला मला एक क्षण पुरला.

मनात म्हटलं, मेलेल्या बायकोचं अंथरूणही इकून राह्यला बुढा.

दोन दिवसांनी घरात कोणी नसताना मी ती गादी चाचपली. पेटीवर ती पुन्हा हिरव्या कापडात तशीच गुंडाळून ठेवलेली होती, पण हाताला गाठी लागल्या. एका कोपऱ्यात टाके सैल होते, तिथून बोट घालून पाहिलं. आत चिंध्या होत्या. पांढऱ्या लुगड्याचे फाडलेले तुकडे. मला वाटलं, विकलेला कापूस कासमला कळू नये म्हणून भरल्या असतील. माझा संशय पक्का झाला आणि खरं सांगते, मला थोडा आनंदही झाला. माझा बाप म्हणाला होता ते खरं निघालं होतं. सगळे सारखेच.

शेजारी तुळसाबाई माळीण राहायची. तिचा मळा गावाबाहेर होता. रोज सकाळी ती भाजीची टोपली घेऊन मोठ्या घरांत जायची आणि दुपारी परतताना आमच्या परसाच्या कुंपणाशी टेकून घटकाभर बोलायची. नव्या सुनेला बोलायला दुसरं होतं कोण?

"काय वो हलिमा, तोंड काऊन उतरलं? सासरा बोलला काय?"

"बोलत नाही. पन दार लावून बसते."

"दार लावून? काय करते?"

मी बोलायला नको होतं. पण गेले कितीक दिवस पोटात साठवलेलं तोंडाशी आलं होतं. "मी डोयानं पायलं, मावशी. दार लावून गादीतला कापूस काढत होते."

कोणाची गादी, ते मी सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. तिनं टोपली डोक्यावर घेतली आणि "कायी सांगू नोको कोनाले, बाई," असं म्हणून गेली.

आजही कापसाची गाडी गेली आणि मागे धुरळ्यात म्हव तरंगत राहिली, की मला माझं ते वाक्य असंच तरंगताना दिसतं. हलकं होतं. कुठल्या उंबऱ्याला जाऊन चिकटेल, सांगता येत नव्हतं.

लग्न आटोपल्यावर एका सकाळी देशमुखांची गाडी आमच्या अंगणात येऊन उभी राहिली. नाना देशमुख स्वतः आले होते, सोबत दोन गडी. गड्यांनी एक गादी गाडीतून ओढून जमिनीवर टाकली. ती मधोमध फाडलेली होती. वरचा पांढराशुभ्र बनी एका बाजूला ओसंडत होता आणि त्याच्या पोटातून पिवळा जरी कापूस बाहेर आला होता. आवाज ऐकून गल्ली गोळा झाली. मी दाराच्या आड उभी होते.

"चांदभाई, हा कापूस उचल," नाना म्हणाले. "पाह्य अन् सांग. हा आमचा हाय काय?"

अब्बांनी खाली वाकून पिवळ्या कापसाची चिमूट घेतली. ती बोटांत धरून ते जरा जास्तच वेळ उभे राहिले.

"नाही," ते म्हणाले.

"मंग आमचा कुठं गेला? इकला?"

"इकला नाही."

"मंग कुठं हाय?"

"मले सांगता येत नाही, नाना."

"सांगता येत नाही का सांगायचं नाही?"

कासम पुढे झाला. "नाना, माया बापानं उभ्या जन्मात कोनाचं बोंड उचललं नाही. तुमच्याच घरात कोनी..."

"कासम!" अब्बा असे ओरडले की कासमच काय, गाडीचे बैलही बिचकले. "तोंड बंद कर. त्यायच्या घराचं नाव नोको काढू."

नाना हसले. ते हसू मला आठवतं. "आमच्या घराचं काय सांगते, पोरा? तुया घरातूनच खबर आली. दार लावून गादीतला कापूस काढताना पायलं हाय तुया बापाले."

दाराच्या फटीतून मला अब्बांचा अर्धा चेहरा दिसत होता. त्यांची नजर एकदाच, अगदी एकदाच दाराकडे वळली. मग ते कासमला म्हणाले, "घरातून काय खबर जाते? कुंपनापलीकडून कोनाले दिसलं असन."

कासमनं तुळसाबाईच्या घराकडे पाहिलं. गल्लीनंही पाहिलं.

नानांनी गड्याला खूण केली. परसात टेकवून ठेवलेलं पिंजण त्यानं उचललं आणि कोयत्यानं तात कापली. तातीचा तो शेवटचा आवाज झाला, फार मोठा नाही. "या गावात तुले कोनी गादी देनार नाही," नाना म्हणाले आणि गाडीत बसले.

त्या संध्याकाळी कासम तुळसाबाईच्या दारात जाऊन नको ते बोलला. ती रडत शपथा घेत होती, "माया पोरायची आन, मी पायलं नाही. मी फक्त आयकलं." कोणाकडून ऐकलं हे तिनं सांगितलं नाही. का नाही सांगितलं, हे मला कधी कळलं नाही. कदाचित तिला माझी दया आली असेल. कदाचित देशमुखांच्या घरी बातमी पोहोचवली ती तिनंच, म्हणून तोंड उघडायची सोय नसेल. मी चुलीपुढे बसून होते. दोन पावलं चालून बाहेर गेले असते तर सगळं मिटलं असतं. मी गेले नाही.

महिनाभरात आम्ही अमरावती सोडली. एका भाड्याच्या गाडीत भांडी, पेटी आणि हिरव्या कापडातली ती गादी. बडनेऱ्याच्या पुढे रस्त्याच्या कडेला आगगाडीच्या सडकेसाठी मुरमाचे ढीग पडले होते, शेकडो माणसं टोपल्या वाहत होती. अब्बा गाडीच्या मागच्या बाजूला पाय सोडून बसले होते, अमरावतीकडे तोंड करून. मला वाटत होतं, आता हे कासमला सांगतील. पुढच्या मुक्कामाला सांगतील. अकोल्याला पोहोचल्यावर सांगतील. मी त्यांच्या प्रत्येक खोकल्यानं दचकत होते. आधी मी त्यांच्या मांडीवर नजर ठेवायची, आता त्यांच्या ओठांवर ठेवू लागले.

अकोल्यात अब्बांनी नवी तात लावली. नवं गाव, अनोळखी माणसं, पुन्हा पहिल्या घरापासून सुरुवात. पण त्यांनी कामाची रीत बदलली. गादी ते स्वतः कधीच उसवत नसत. घरातल्या बाईला बोलवायचे आणि म्हणायचे, "बाई, पयले टाके तुमी तोडा." कुठल्या घरी बाई घुटमळली, सुरी हातात घेऊन इकडेतिकडे पाहू लागली, की ते उठायचे. "मी जरा पानी पिऊन येतो. तुमी करा निवांत." आणि खरंच लांबच्या विहिरीपर्यंत जाऊन यायचे. कासमला याचा राग येई. वेळ जातो म्हणायचा. मला वाटायचं, म्हाताऱ्याला मार बसलाय म्हणून भ्यायलाय. मला सगळ्या गोष्टींचा अर्थ ताबडतोब लागायचा त्या काळात.

मग एका वर्षी ते दूरचं युद्ध संपलं म्हणे. कापूस असा कोसळला की व्यापाऱ्यांच्या बोऱ्या पावसात भिजत पडल्या आणि झाकायला कोणी आलं नाही. चांदीच्या शेंब्या बैलांच्या शिंगांवरून उतरल्या. राखणदार गेले. बाभळीवरचे पुंजके म्हाताऱ्या बायांनी पुन्हा वेचायला सुरुवात केली. मात्र माणसं एकमेकांकडे ज्या नजरेनं पाहायला शिकली होती ती नजर भावाबरोबर उतरली नाही. ती वाढत्या भावात आली आणि कायमची राहिली.

माझी दोन मुलं आणि एक मुलगी तोवर झाली होती. अब्बा आजोबा म्हणून वेगळेच निघाले. कामावरून आले की भुवया धुवायचे आणि मगच पोरांना उचलायचे. पोरगी त्यांची विशेष लाडकी. जेवायला बसताना सगळी आली का ते पाहायचे, एकही कमी असलं तर घास उचलत नसत. मी वाढायचे तेव्हा "बेटी, तुले रायलं का?" हे ते रोज विचारायचे. रोज. आणि रोज मला वाटायचं, या विचारण्यामागे दुसरं काही आहे का?

आगगाडी सुरू होऊन काही वर्षं झाल्यावर एक दिवस दुपारी आमच्या दारात एक बाई उभी राहिली. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, बोट धरून एक आठ-नऊ वर्षांची मुलगी. "चांदभाई पिंजारी इथंच रायते का?"

अब्बा ओट्यावर तात वळत होते. त्यांनी वर पाहिलं आणि पटकन उभे राहिले. त्यांना मी कोणासमोर असं उठताना पाहिलं नव्हतं.

"गोदाबाई? तुमी इथं कायले आल्या?"

ती नाना देशमुखांची विधवा बहीण. बरीच वर्षं भावाच्या घरी राहिलेली, आता मूर्तिजापूरला लेकीकडे असायची. मी पाणी दिलं. ते तिनं घेतलं नाही, तांब्या हातात धरून बोलू लागली. बोलली ती माझ्याकडे पाहून, कारण अब्बा तिच्याकडे पाहतच नव्हते.

"तुया सासऱ्यानं कापूस घेतला नाही, माय. मी घेतला होता. मायी लेक पयल्यांदा बायंतपनाले आली होती. तिले डिंकाचा लाडू भेटना का खोबऱ्याचा तुकडा. वहिनीपुढं हात पसरला तं वहिनी मने, बाप असता तं भेटलं असतं. मंग मी गादी उसवली. थोडा थोडा करून पोटातला बनी एका फेरीवाल्याले देला. त्याच्या जागी माया जुन्या लुगड्याच्या चिंध्या भरल्या. मले काय माईत लगन निंघन अन् सगळ्याच गाद्या पिंजाऱ्याकडं जातीन. गाडीत गाद्या भरताना एका पोराच्या हाती एवढंच सांगून पाठवलं होतं मी यायले, का कोपऱ्यात काळा दोरा असलेली गादी तुमी एकट्यानं उघडा."

तिनं मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "हे तीच पोरगी. त्या लाडवायवर वाचली तियी माय अन् हे."

"गोदाबाई," अब्बा म्हणाले, "बस झालं. चिंध्या पायल्या अन् मले समजलं होतं. तुमी इतक्या दूर हे बोलायले यायचं नोतं. आयकनारे कान वाढते."

"तुमचं गाव सुटलं माया पायी."

"गाव काय, कापूस जिथं तिथं आपलं गाव."

ती गेल्यावर मी आत जाऊन भिंतीला टेकून बसले. म्हणजे बायकोचा कापूस देशमुखांच्या गादीत गेला होता, आणि त्या बाईचं फाडलेलं लुगडं माझ्या सासूच्या गादीत. वर बनीचा थर पसरून, आत आपल्या घरचा जरी कापूस दडपून, ते कोणाला कळू नये अशी आशा धरून बसले असतील. कळलंही नसतं कदाचित. कापूस बसतो, कोण गादी फाडून पाहतो? माझ्या एका वाक्यानं ती फाडायला लावली.

रात्री उशाशी हे कासमला सांगावं असं हजारदा वाटलं. गोदाबाईची गोष्ट मी सांगितली. माझी सांगितली नाही. तो उठून बापाजवळ गेला, त्यांचे पाय धरले, रडला. मग म्हणाला, "त्या माळनीनंच सारं केलं." अब्बा काहीच बोलले नाहीत, आणि मीही नाही. कासम मरेपर्यंत तुळसाबाईचं नाव निघालं की थुंकायचा. ती वारल्याचं कोणी तरी अमरावतीहून येऊन सांगितलं तेव्हा मी घरातच होते. आगगाडीनं अर्ध्या दिवसाचा रस्ता. मी गेले नाही.

अब्बांच्या चांगुलपणावर लोक भाळतात तेव्हा मला हे आठवतं. एका बाईला त्यांनी वाचवलं, पण कुंपणापलीकडच्या दुसरीचं नाव त्यांच्याच तोंडून गेलं. त्यांना ठाऊक होतं का तिचं काय होईल ते? क्षणात बोलून गेले असतील. की विचार करून बोलले? गप्प बसणाऱ्या माणसाच्या आत काय चालतं हे कोणी उसवून पाहिलंय? मी त्यांच्यावर इतकी वर्षं संशय घेतला, तो सगळा खोटा निघाला, तरी एक धागा सुटला नाही. त्यांना माहीत होतं की नव्हतं? त्या दिवशी दाराकडे वळलेली ती नजर माझ्यावर होती की नुसतीच वळली होती?

कासम त्यांच्याआधी गेला, तापानं. मुलाला खांदा देऊन आल्यावर अब्बांनी दुसऱ्या दिवशी पिंजण उचललं, कारण घरात खाणारी तोंडं होती. म्हातारपणी पुन्हा गल्लोगल्ली फिरले, नातवंडांची लग्नं केली, पणतीला मांडीवर घेतलं. हात थरथरू लागल्यावर पिंजण खुंटीला टांगलं आणि ओट्यावर बसून राहू लागले. दात गेले, ऐकू कमी येऊ लागलं, पण येणाऱ्याजाणाऱ्याच्या दुलईला हात लावून कापूस कुठल्या शिवारातला हे ते शेवटपर्यंत सांगायचे.

अशाच एका वेचणीच्या दिवसांत, सकाळच्या उन्हात, मी त्यांच्या पायांना तेल लावत होते. घरात दुसरं कोणी नव्हतं. मी स्वतःच आता केस पिकलेली बाई. कसं कोण जाणे, तोंडून निघून गेलं.

"अब्बा, उमरावतीले... ते मीच सांगतलं होतं. तुळसाबाईले. मी फटीतून पायलं होतं."

माझे हात त्यांच्या घोट्यावर थांबले होते. वाटलं, ऐकू गेलं नसेल. पुन्हा मोठ्यानं सांगायची हिंमत माझ्यात नव्हती.

"मले माईत हाय," ते म्हणाले.

"कवापासून?"

"त्याच दिवसापासून. घरात आपन तिघं. कासम बाहेर होता. मी तं सांगतलं नोतं."

"मंग बोलले काऊन नाही? इतके वर्सं..."

ते उन्हात डोळे बारीक करून रस्त्याकडे पाहत होते. "बोललो असतो तं कासमनं तुले बाळापूरले नेऊन टाकलं असतं. नवी पोरगी तू. तुया बापानं ठेवली नसती. एक बाई वाचवाले मायी बायको उसवली होती मी. दुसरी कायले वाया जाऊ देतो?"

"अन् तुळसाबाई?"

त्यांनी मांडीवरच्या दुलईचा टाका बोटानं चाचपला.

"ते चुकलं," ते म्हणाले. "तिची माफी मागाले जायचं होतं. रोज म्हनलं, उद्या जाऊ."

मला रडू आलं, पण रडायची लाजही वाटली. मी त्यांचे पाय धरून बसले. आणि खरं सांगते, त्या घटकेलाही मनात आलं, की हे मला बरं वाटावं म्हणून तर बोलत नाहीत? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. बहुधा तेही त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी पाय हळूच सोडवून घेतला आणि घराच्या आतल्या बाजूला मान वळवली.

"हलिमा, चुलीवर दूध ठेवलं काय तू? उतू जाईन, पाह्य."

मी डोळे पुसत उठले. दूध काठाशी आलं होतं.